कोंबडी कोणाच्या नावावर?

दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी नेरूळ गावात आमच्या बचत गटाची बैठक असते. २०२५च्या फेब्रुवारीतल्या बैठकीला गटातल्या एक आजी आल्या नाहीत. नऊ वर्षांत ज्या बाईने एकही बैठक चुकवली नाही, ती आली नाही म्हणून बैठक संपल्यावर मी त्यांच्या घरी गेले. पडवीत बसून तांदूळ निवडत होत्या. पडवी नेहमीपेक्षा फार शांत वाटली. काय बदललंय ते कळायला मला मिनिटभर लागलं. खुराड्याचं दार उघडं होतं आणि खुराडं रिकामं होतं.

"कोंबड्या कुठं गेल्या, आजी?"

"गेल्या गो बाय. आता कोंबऱ्या पालायला बंदी हाय म्हनं."

हळूहळू हकीकत कळली. जानेवारीच्या शेवटी दोन माणसं आली होती. कुठल्या कार्यालयाची ते त्यांनी सांगितलं नाही आणि आजींनीही विचारलं नाही. गळ्यात ओळखपत्र, हातात वही. शेजारच्या इमारतीतून तक्रार आहे, रोगाची साथ आहे, शहरात कोंबड्या पाळायला परवानगी नाही, चार दिवसांत हलवा नाहीतर आम्ही उचलून नेऊ आणि वर दंड होईल, असं म्हणून गेली. कागद दिला नाही. आजींची सून म्हणाली, कशाला नसती कटकट. मुलगा म्हणाला, जाऊ दे ना, तुला काय कमी आहे? आजी एवढंच म्हणाल्या, "कोंबरी काय हापिसात इचारून आंडा घालते?"

मैत्रिणींनो, आपल्या या अंकातून आपण हुंड्यावर लिहितो, पोटगीवर लिहितो, कामाच्या जागी होणाऱ्या छळावर लिहितो. कोंबडीवर लिहायला बसले तेव्हा मलाच जरा हसू आलं. हा काय स्त्री-प्रश्न आहे? पण आजींच्या पडवीत त्या दिवशी जे पाहिलं, त्यानंतर मला राहवेना.

आधी आठ कोंबड्यांचा हिशेब सांगते, कारण तो सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. आजींकडे आठ कोंबड्या आणि एक कोंबडा होता. सगळी गावठी जात. गावठी कोंबडी वर्षाला साठ-सत्तरच अंडी घालते. पोल्ट्रीतली पांढरी कोंबडी त्याच्या चौपट घालते, पण ती पिंजऱ्यात राहते आणि विकतचं खाते. गावठी कोंबडी विकतचं काहीच खात नाही. तांदळाची कणी, निवडताना निघालेला कोंडा, मासळी साफ केल्यावरचं टाकाऊ, उरलेला भात, अंगणातले किडे. म्हणजे घरात जे फेकायचं त्याचं अंडं होतं. वर्षातून एक-दोनदा कोंबडी खुडूक बसते, तिच्याखाली दहा-बारा अंडी ठेवायची, एकवीस दिवसांनी पिल्लं. त्यातली घारीने नेली, मांजराने नेली, तरी पाच-सहा वाचतात.

गावठी अंडं पंधरा रुपयांना जातं. शेजारच्या सेक्टरातल्या बायका बाळंतिणीसाठी, लहान मुलांसाठी घरी येऊन घेऊन जातात. गटारीच्या आधी आणि गावदेवीच्या जत्रेला कोंबड्याचे पाचशे-सहाशे सहज मिळतात. घरात खाल्लेलं सोडलं तरी वर्षाकाठी आठ-नऊ हजार आजींच्या हातात येत. ही रक्कम वाचून कुणी म्हणेल, एवढ्यासाठी? पण ते आठ-नऊ हजार कुणाला विचारून खर्च करावे लागत नव्हते. त्यातून आजींनी चष्मा केला. नातीची परीक्षा फी दोनदा भरली. गटाची दरमहाची बचत त्यातूनच यायची. आजी बैठकीला का आल्या नाहीत ते मला तेव्हा उमगलं. त्यांच्याकडे हप्त्याचे पैसे नव्हते आणि मुलाकडे मागायचे नव्हते.

मुलगा वाईट नाही. चांगला कमावतो, आईला सांभाळतो. पण "तुला काय कमी आहे?" हा प्रश्न ज्याला विचारला जातो, त्याच्या हातात काहीच नसतं, हे आपल्याला नव्याने सांगायला नको.

एम.एस.डब्ल्यू.च्या दोन वर्षांत मी 'उपजीविका' हा शब्द निदान हजार वेळा लिहिला असेल. कोंबडी त्यात एकदाही आली नाही.

आता जरा मागे जाऊ. नेरूळ हे आज सेक्टरांचं, मॉलचं, स्टेडियमचं उपनगर दिसतं. पण नेरूळ, शिरवणे, सारसोळे, दारावे, करावे ही मूळची आगरी-कोळी गावं. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि ठाणे व तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातल्या ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घ्यायचं ठरलं. भातशेती गेली, मिठागरं गेली. कुकशेत गाव तर कारखान्यापायी मूळ जागेवरून उठून इथे येऊन वसलं. मोबदल्यासाठी १९८४च्या जानेवारीत दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जासई-दास्तानफाट्याचं आंदोलन झालं, गोळीबारात पाच जण गेले. त्या लढ्यातूनच पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. त्या मोर्च्यांत बायका होत्या, हे गावातल्या कुठल्याही आजीला विचारा, ती सांगेल.

पण जमीन कुणाच्या नावावर होती? सातबाऱ्यावर बापाचं, नवऱ्याचं, दिराचं नाव. शेतात चिखलणी, लावणी, झोडणी बाईने केली, मोबदला सातबाऱ्यावरच्या नावाने निघाला. साडेबारा टक्क्यांचे भूखंड मिळायची वेळ आली तेव्हा वारस म्हणून बहिणींची नावं लागली, आणि बहुतेक घरांत बहिणींकडून हक्कसोडपत्रावर सह्या घेतल्या गेल्या. माहेर तुटेल या भीतीने बहिणींनी त्या दिल्या. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींना हिस्सा देणारी महाराष्ट्राची दुरुस्ती १९९४ची, केंद्राची २००५ची. इथल्या जमिनींच्या संपादनाला सुरुवात झाली ती १९७०मध्ये. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीला शेतकरी संघटनेने 'लक्ष्मी मुक्ती'ची हाक दिली, शेतकऱ्यांनो बायकोच्या नावावर जमीन करा म्हणून. ती हाक इथे पोचली असती तरी नावावर करायला जमीनच उरली नव्हती.

उरलं काय? गावठाणातलं घर, मागचं चार हात परसू आणि त्यातल्या कोंबड्या-शेळ्या. घर नवऱ्याच्या नावावर, पण कोंबडी मात्र बाईची. हा काही कुठल्या कायद्यात लिहिलेला हक्क नाही, पण गावात तो सगळे मानतात. दारुडा नवराही बायकोची कोंबडी विकताना मागच्या दाराने जातो, पुढच्या दाराने नाही. लेकीला माहेरून पाठवताना आई पाटीत कोंबडी घालून देते ती स्वतःच्या अधिकारात देते, नवऱ्याला विचारून नाही.

इथे मला माझी एक गोष्ट कबूल करायला हवी. मी नेरूळच्याच एका सोसायटीत राहते. आमच्या भिंतीपलीकडे गावठाण आहे. काही वर्षांपूर्वी पलीकडच्या घरातल्या चार शेळ्यांच्या लेंड्यांचा वास येतो आणि त्या आमच्या बागेत शिरून झाडं खातात, म्हणून सोसायटीने तक्रार केली. सह्यांचा कागद घरोघरी फिरला. मी सही केली. त्या दिवशी मला कामावरून यायला उशीर झाला होता, डोकं दुखत होतं, सेक्रेटरी दारात उभे होते, असली कारणं मी स्वतःला नंतर पुष्कळ सांगितली. शेळ्या गेल्या. त्या कुणाच्या होत्या, हे मी विचारलं नव्हतं. एका विधवा बाईच्या होत्या, आणि तीच बाई पुढे आमच्या सोसायटीत तीन घरची भांडी घासायला येऊ लागली. चार शेळ्यांची मालकीण होती ती मोलकरीण झाली, आणि त्या कागदावर माझी सही आहे.

म्हणून आजींच्या बाबतीत मी ठरवलं की निदान कायदा काय म्हणतो ते तरी नीट वाचायचं.

महानगरपालिकांचा मूळ कायदा १९४९चा. पूर्वी त्याला मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियम म्हणत, आता महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम म्हणतात. त्याच्या ३७६व्या कलमात परवान्याशिवाय काय काय ठेवता येणार नाही ते आहे. त्यात घोडे, गुरं किंवा इतर 'चार पायांची' जनावरं येतात, तीही विकण्यासाठी, भाड्याने देण्यासाठी किंवा त्यांचं दूधदुभतं विकण्यासाठी पाळली असतील तर. ही भाषाही १९४९ची नाही, मुंबईच्या १८८८च्या कायद्यातून ती आली आहे. शिवाय नागरी भागात गुरं पाळणं आणि त्यांची ने-आण यावर नियंत्रण ठेवणारा राज्याचा १९७६चा वेगळा कायदा आहे, त्याखाली गुरांना परवाना लागतो.

हे कायदे कुणाला डोळ्यांसमोर ठेवून झाले हे वाचताना स्पष्ट कळतं. मुंबईतले म्हशींचे तबेले. शेकडो म्हशी, शेणाचे ढीग, तुंबलेली गटारं. ते शहराबाहेर न्यायचे म्हणून १९४९मध्ये आरे कॉलनी उभी राहिली. तबेला हा पुरुषांचा धंदा, भांडवलाचा धंदा. त्याला नियम हवेतच. पण त्या नियमांमागचा धाक घेऊन जेव्हा माणसं परसातल्या आठ कोंबड्यांपाशी येतात, तेव्हा कायद्याचं माप आणि समोरची वस्तू यांचा मेळ उरत नाही. आणि कोंबडीला तर दोनच पाय असतात! (हे मी एका वकील मैत्रिणीला सांगितलं तेव्हा ती आधी हसली आणि मग म्हणाली, हे लिहून ठेव, उपयोगी पडेल.)

मग कोंबड्यांना धरतात ते 'उपद्रव' या शब्दाने. सार्वजनिक उपद्रव दूर करण्याचा हुकूम दंडाधिकारी काढू शकतात, पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १३३व्या कलमाखाली, आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या १५२व्या कलमाखाली. पण त्यातही हुकूम लेखी लागतो, आणि ज्याच्यावर तो बजावायचा त्याला आपलं म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते. आजींना ना हुकूम मिळाला ना संधी. मिळाला तो फक्त आवाज. आणि बाईला हटवायला बहुतेक वेळा आवाज पुरतो, कागद लागत नाही. तिने कधी कागद पाहिलेलाच नसतो. तिच्या नावाचा कागद घरात असेल तर तो रेशनकार्डाचा.

लोकप्रतिनिधींकडे जावं, तर तेव्हा तेही नव्हते. नवी मुंबई महापालिकेच्या सभागृहाची मुदत २०२०च्या मे महिन्यात संपली, आणि २०२५मध्येही कारभार प्रशासकाच्याच हाती होता. महाराष्ट्राने २०११मध्ये स्थानिक संस्थांत बायकांसाठी निम्म्या जागा राखल्या याचा आपण केवढा आनंद केला होता. ज्या वेळी या बाईला दार ठोठवायचं होतं, त्या वेळी सभागृहच रिकामं होतं.

इथपर्यंत वाचून कुणी म्हणेल की ही बाई रोगाचं नावच घेत नाही. घेते.

२०२५च्या जानेवारीत उरण तालुक्यातल्या चिरनेरला बर्ड फ्लू निघाला, तोही घरगुती कोंबड्यांत. हे खोटं भय नव्हतं. महाराष्ट्राला या रोगाची ओळख जुनी आहे. देशातली पहिली साथ २००६च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला पोल्ट्री फार्ममध्ये झाली, आणि पुढच्याच महिन्यात जळगाव जिल्ह्यातल्या गावांत परसातल्या कोंबड्यांत. २०२१च्या जानेवारीत परभणीच्या मुरुंब्याला, २०२२च्या फेब्रुवारीत आपल्याच ठाणे जिल्ह्यात शहापूरच्या वेहळोलीला. हा विषाणू मुळात पाणपक्ष्यांत राहतो. आपल्या खाडीत तर हजारो पाणपक्षी उतरतात. 'फ्लेमिंगो सिटी' म्हणवून घेणाऱ्या शहरात जागोजागी फ्लेमिंगोचे पुतळे उभे आहेत, फ्लेमिंगोचा कुणाला उपद्रव होत नाही, तो फक्त आजींच्या कोंबडीचा होतो. असो, हा टोमणा झाला. मुद्दा हा की खाडीकाठच्या गावात कोंबड्या मोकळ्या सोडणं धोक्याचं आहे, हे मला मान्य आहे आणि आजींनाही मान्य करावं लागेल.

पण रोग आला की काय करायचं, याचे नियम सरकारकडे लिहिलेले आहेत. जिथे रोग निघाला तिथून एक किलोमीटरचा परिसर बाधित, त्यातले पक्षी मारायचे. त्यापुढे दहा किलोमीटरपर्यंत निगराणी. मारलेल्या पक्ष्यांची भरपाई द्यायची. २०२१मध्ये राज्याने जाहीर केलेला दर अंड्यावरच्या मोठ्या कोंबडीला ९० रुपये होता. पाचशेच्या कोंबडीला नव्वद रुपये, तेही सरकारने मारली तर. रोगाने आधीच मेली असेल तर काही नाही. तुम्हीच सांगा, घरात दोन कोंबड्या मरून पडल्या तर कुठली बाई आपणहून दवाखान्यात जाऊन सांगेल?

नेरूळ त्या दहा किलोमीटरच्या बाहेर होतं. तरी माणसं आली आणि 'हलवा' म्हणाली. आजींनी काय केलं ते आता ऐका. चार कोंबड्या त्यांनी रात्रीतून पडेल त्या भावाने विकल्या. उरलेल्या चार आणि कोंबडा जाड पिशव्यांत घालून, वर लुगडं टाकून, पहाटेच्या लोकलने उरणला नेल्या. उरण तालुक्यात त्यांची लेक दिलेली आहे. म्हणजे साथ ज्या तालुक्यात होती त्याच तालुक्यात जिवंत पक्षी रेल्वेच्या डब्यातून गेले! रोगाच्या दिवसांत पक्षी जागचे हलवू नयेत हा पहिला नियम. तो मोडायला आजींना कुणी लावलं? बंदीच्या धाकाने कोंबड्या नाहीशा होत नाहीत, त्या लपतात आणि प्रवास करतात. ज्यांना खरोखर रोगाची काळजी आहे त्यांनी या लोकलच्या डब्याचा विचार करावा.

तक्रार कुणी केली, तेही मी शोधलं. मागच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर राहणारी एक नर्स. गावठाणात आता घरं एकमेकांना इतकी खेटून झाली आहेत की तिची खिडकी आणि आजींचं खुराडं यांत सहा हातांचंही अंतर नाही. पोरं वाढली, जमीन नव्हती, म्हणून गरजेपोटी घरांवर घरं चढली, आणि अंगण त्यांच्याखाली गेलं. ही नर्स रात्रपाळी करून पहाटे परत येते. पाठ टेकते तोच कोंबडा आरवतो. तिला लहान मूल आहे, दम्याचं. तिने मला विचारलं, "ताई, तुम्ही बायकांच्या बाजूच्या ना? मग मी कोण?" या प्रश्नाने मला गप्प केलं. मी तयार करून गेलेलं सगळं भाषण तिथेच राहिलं.

दोघींना मी समोरासमोर बसवलं. सोपं नव्हतं. पहिला अर्धा तास आजी तिच्याकडे पाहायलाच तयार नव्हत्या. मग तिने मुलाच्या दम्याचं सांगितलं, आणि आजी म्हणाल्या, हे आधी सांगायचंस ना गो. कोंबडा आपल्याला नको, हे आजींनी स्वतःच सुचवलं. अंडं घालायला कोंबडीला कोंबडा लागत नाही, पिल्लांची अंडी लेकीकडून आणता येतील. खुराडं खिडकीखालून काढून गल्लीच्या बाजूला न्यायचं, त्यावर जाळी आणि छप्पर, म्हणजे बाहेरचे पक्षी आत येणार नाहीत. खाली तूस पसरायचं आणि ते दर आठवड्याला बदलायचं. नर्स म्हणाली, मग माझी तक्रार नाही, आणि माझ्या मुलाला आठवड्याची सहा अंडी द्या, पैसे देईन. दीड तासात दोन बायकांना जे जमलं, ते वही घेऊन आलेल्या माणसांना का जमलं नाही? त्यांना जमवायचं नव्हतंच, त्यांना हटवायचं होतं.

अंड्यांवरून आठवलं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या ५४ टक्के बायका रक्तक्षयी निघाल्या. शाळेच्या पोषण आहारात आठवड्याला एक अंडं द्यायला राज्याने २०२३च्या अखेरीला सुरुवात केली आणि २०२५च्या जानेवारीत त्यासाठीचा पैसा काढून घेतला. ज्या महिन्यात मुलांच्या ताटातलं अंडं गेलं, त्याच महिन्यात आजींच्या खुराड्यातलंही गेलं.

सरकारला परसातली कोंबडी कळत नाही असंही नाही. 'परसातील कुक्कुटपालन' नावाच्या योजना आहेत, त्यांत खेड्यातल्या गरीब कुटुंबांना पिल्लं दिली जातात. गिरिराज, वनराज अशा खास परसासाठी काढलेल्या जाती आहेत. २०१९च्या पशुगणनेत देशभरातल्या परसातल्या कोंबड्या ३१ कोटी ७० लाख भरल्या, सात वर्षांत जवळजवळ ४६ टक्क्यांनी वाढलेल्या. पण योजनेच्या कागदावर 'ग्रामीण' असं लिहिलेलं असतं. नेरूळ गाव १९९२च्या १ जानेवारीला महापालिकेत आलं. बाई तीच, घर तेच, परसू तेच, पण तिकडे जी कोंबडी महिला सक्षमीकरण, ती इकडे उपद्रव. शेती घेताना तुम्ही गाव म्हणून घेतलीत, आणि कोंबडी काढताना शहर म्हणून काढता!

जगात सगळीकडे असंच चालतं असं समजू नका. इंग्लंडमध्ये १९५०च्या एका कायद्याने, भाडेकरारात काहीही लिहिलेलं असलं तरी घरगुती कोंबड्या आणि ससे पाळायची मुभा दिली, मात्र उपद्रव होता कामा नये आणि धंदा नसावा. आता तिथे २०२४पासून एक पक्षी असला तरी नोंदणी लागते, रोग आला तर कळावं म्हणून. युगांडातल्या कंपाला शहरात बायका वर्षानुवर्षं चोरून कोंबड्या आणि भाजी करत होत्या. त्या शहराने २००६मध्ये नियम करून त्याला परवाने देण्याची सोय केली. बंदी आणि मोकाट यांच्यामध्ये पुष्कळ जागा असते.

आमच्या गटाने तीन बैठका घेऊन एक अर्ज तयार केला. गावठाणातल्या घरामागे दहापर्यंत कोंबड्या, कोंबडा नाही, बंदिस्त खुराडं, खिडकीपासून ठरलेलं अंतर. नोंदणी करावी, पण ती बाईच्या नावावर, म्हणजे भरपाईचा चेक निघाला तर तिच्या नावाने निघेल. (या मुद्द्यावर एका घरातले पुरुष चिडले, तेव्हा तो किती बरोबर आहे याची आमची खात्री पटली.) मानमोडीची लस महापालिकेच्या भागातही मिळावी. लासोटाची बाटली शंभर-शंभर पक्ष्यांची येते आणि उघडली की काही तासांत संपवावी लागते, त्यामुळे आठ कोंबड्यांची बाई ती एकटी घेऊच शकत नाही. बारा घरांनी एकाच दिवशी मिळून द्यायची, हे बचत गटाला सहज जमण्यासारखं आहे. आणि कुणीही आलं तरी लेखी नोटिशीशिवाय, बाईचं म्हणणं ऐकल्याशिवाय पक्ष्याला हात लावायचा नाही. शेळ्यांचं काय, यावर आमच्यातच एकमत झालं नाही. जागाच नाही, असं अर्ध्याजणी म्हणतात, आणि ते खरं आहे. ती विधवा बाई त्या बैठकीला होती. ती काही बोलली नाही. मीही तिच्याकडे पाहू शकले नाही.

अर्जावर एकतीस बायकांच्या सह्या आणि अंगठे आहेत. बत्तिसावी सही त्या नर्सची.

पोच मिळाली, शिक्का आहे, तारीख आहे. ती मी आजींना वाचून दाखवली. त्यांनी कागद हातात घेतला, उलटा-सुलटा करून पाहिला आणि तांदळाच्या डब्यात, जिथे पूर्वी अंड्यांचे पैसे असायचे तिथे, ठेवला. उत्तर अजून आलेलं नाही. तिकडे उरणला लेकीची कोंबडी खुडूक बसून अकरा पिल्लं निघाली. ती आता चांगली मोठी झाली आहेत, त्यातल्या पाच तलंगी आहेत. खुराडं गल्लीच्या बाजूला हलवून झालं, जाळी लागली. दर बैठकीला आजी मला विचारतात, "आनू का गो?" मी म्हणते, एवढ्यात नको आजी, उत्तर येऊ दे. गेल्या शनिवारी त्या म्हणाल्या, "तुजा कागूद काय खुडूक बसलाय?"